मंगळवारी लागणारा दिवा

२९ जानेवारी

प्रिय पान्या,

फोनवर ओरडून माझा घसा बसतो आणि तुझ्या कानापर्यंत निम्मंही पोचत नाही, म्हणून लिहितेय. चाळीस वर्षं इंजिनांच्या घरघरीत काढलीस, आता सख्ख्या बहिणीचा आवाज ऐकू येत नाही. असो. काम आहे.

माझ्या गाडीत पिवळा दिवा लागतोय, इंजिनाचं चित्र असलेला. चौदा तारखेला लागला, मंगळवारी. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने त्याचं यंत्र जोडून बघितलं, म्हणाला, "मॅडम, पेट्रोलच्या वाफेच्या लाइनमध्ये फॉल्ट आहे," आणि दिवा पुसून टाकला. काल पुन्हा लागला. पुन्हा मंगळवार! आता म्हणतो, मागचा कोळशाचा डबा बदलावा लागेल. कोळशाचा डबा? ही गाडी आहे की रेल्वेचं जुनं इंजिन?

मला काय वाटतं ते ऐक. दर सोमवारी गाडी धुवायला त्याच्याकडे असते. सोमवारी गाडी त्याच्या ताब्यात, मंगळवारी दिवा. पस्तीस वर्षं परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारल्यात मी. कॉपी करणाऱ्याची मान मला मागूनही ओळखू येते. हा माणूस माझ्याशी बोलताना हातातल्या पान्याकडे बघतो. कुठंतरी पाणी मुरतंय.

शेडमध्ये पेट्रोलचा वासही येतो. यांना विचारलं तर म्हणाले, "मला नाही बाई येत." यांना अडतीस वर्षांत कसलाच वास आलेला नाही.

उत्तर लवकर दे आणि लिहिताना हात धू. मागच्या पत्रावरही कोपऱ्यात तुझा काळा अंगठा होताच.

तुझी,
ताई

---

३ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार.

हात धुऊन बसलोय. बघ, एक डाग नाही. खूश?

आधी त्या गरीब गॅरेजवाल्याची मान सोड. डबा खरंच असतो. टाकीत पेट्रोल नुसतं पडून असलं तरी त्याची वाफ होते. ती हवेत जाऊ नये म्हणून एका नळीने मागच्या डब्यात नेतात. डब्यात कोळशाचे दाणे असतात, ते वाफ धरून ठेवतात. गाडी पळायला लागली की पुढचा एक व्हॉल्व्ह उघडतो, इंजिन ती वाफ ओढून घेतं आणि जाळून टाकतं. यात कुठे गळतंय का, कुठे तुंबलंय का, हे गाडीचा कॉम्प्युटर अधूनमधून तपासतो. नापास झालं की दिवा.

आता खरी गंमत. हा कॉम्प्युटर तुझ्यासारखाच खडूस पर्यवेक्षक आहे. कधीही परीक्षा घेत नाही. गाडी रात्रभर उभी राहून गार झालेली हवी आणि टाकी धड भरलेली नको, धड रिकामी नको. टाकी काठोकाठ असेल तर परीक्षाच नाही. ती पाऊणच्या खाली उतरेपर्यंत तो गप्प बसतो. म्हणजे तुझा मंगळवार खोटा आहे, ताई! दिवा मंगळवारी लागतो, पण भानगड त्याच्या चार-पाच दिवस आधी होते. टाकी भरतात त्या दिवशी.

माझी पैज आहे, कुणीतरी टाकी गळ्यापर्यंत भरतंय. पंपावरचं नोझल टक्क करून बंद पडलं की थांबायचं असतं. त्यानंतरही दाबून दाबून ओतलं तर पेट्रोल वाफेच्या वाटेने थेट डब्यात शिरतं. कोळसा भिजला की डबा कामातून गेला. वासही त्याचाच.

पण माझं ऐकूनही लगेच डबा बदलू नकोस. तपासल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही. मी एकदा न तपासता प्लग बदलले म्हणून बाबांनी मला दिवसभर जुने प्लग घासत बसवलं होतं, आठवतं? तू दारात उभी राहून हसत होतीस. तर सकाळी गार गाडी चालू कर, पुढच्या व्हॉल्व्हची डब्याकडून येणारी नळी काढ आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेव. बोट ओढलं गेलं तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. नाही ओढलं तर तो निर्दोष. मग एकच प्रश्न उरतो. टाकी कोण भरतं?

भाऊजींना नमस्कार.

पान्या

---

१२ फेब्रुवारी

प्रिय पान्या,

बोट लावलं. ओढलं गेलं नाही. व्हॉल्व्ह सुटला, मी अडकले.

टाकी मीच भरते. एक बुधवार सोडून एक बुधवार, टक्क होईपर्यंत, त्याच्यापुढे एक थेंब नाही. आठ जानेवारीला भरली, बावीसला भरली, पाच फेब्रुवारीला भरली. आणि काल, अकराला, मंगळवारी, दिवा लागला. म्हणजे माझ्यानंतर कुणीतरी भरतं. भरलेली टाकी कोण भरतं, पान्या? पेट्रोल चोरणारा ऐकलाय. पेट्रोल आणून ओतणारा चोर पहिल्यांदाच बघतेय.

तर मी काय केलं, ऐक. पाच तारखेच्या बुधवारी गाडी आत लावताना किलोमीटरचा आकडा कॅलेंडरच्या मागच्या बाजूला बारीक पेन्सिलीने लिहून ठेवला. गुरुवारी मी दिवसभर लेकीकडे असते. तीच सकाळी न्यायला येते आणि रात्री सोडते. गाडी शेडमध्ये, हे वाचनालयात. शुक्रवारी सकाळी आकडा बघितला.

दोनशे एकतीस किलोमीटर जास्त.

पेट्रोलचा काटा मात्र बुधवारी होता तिथंच, शेवटच्या रेघेवर. शेडमध्ये वासाने डोकं उठलं. आणि शेजारची सीट मागे केलेली. नुसती सरकवलेली नाही, पाठ पार आडवी. माझ्या गाडीत माझ्या शेजारी कोण झोपून जातं?

मी यांना काही बोलले नाही. जेवताना सहज विचारलं, "काल वाचनालयात काय वाचलंत?" म्हणाले, "पेपर." मी संध्याकाळी वाचनालयावरून चक्कर मारून आले. दारावर पाटी आहे. दर गुरुवारी बंद.

अडतीस वर्षं, पान्या. या माणसाने मला न सांगता कधी केससुद्धा कापले नाहीत. तुझ्याशिवाय हे कुणाला सांगू? लगेच लिही.

ताई

---

१ मार्च

ती. ताईस नमस्कार.

उशीर झाला. गॅरेजमध्ये कामाचा ढीग पडलाय, मान वर करायला फुरसत नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. माझं मागचं पत्र विसर. मी उगाच शहाणपणा केला. अशा तक्रारीत दहातल्या नऊ वेळा टाकीचं झाकण खराब असतं. त्याचं रबर वाळतं, वाफ निसटते, दिवा लागतो, वास येतो. नवं झाकण आण, बसव आणि मोकळी हो. बाकी काही तपासत बसू नकोस.

किलोमीटरचं म्हणशील तर इंग्रजी तीन आणि आठ घाईत सारखे दिसतात. तू पेन्सिलीने लिहिलंस, त्यात चष्मा बदलायला झालाय. सीटचं काय, गाडी धुणाऱ्याने केली असेल मागे.

भाऊजी देवमाणूस आहेत. नसता किडा डोक्यात शिरू देऊ नकोस.

पान्या

---

७ मार्च

पान्या,

हे पत्र नीट बसून वाच.

वीस फेब्रुवारीचा गुरुवार, दोनशे तीस. कालचा गुरुवार, दोनशे एकतीस. या वेळी आकडा पेनाने लिहिला होता, नवा चष्मा लावून.

तुझं पत्र घेऊन मी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे गेले. ज्याला मी मनातल्या मनात चोर ठरवून टाकला होता, तो. त्याला म्हटलं, झाकण तपास. त्याने वाफेच्या नळीतून धूर सोडला. म्हणाला, झाकण गळत असेल तर तिथून धूर निघेल. आम्ही दोघं वाकून बघत बसलो. झाकणाशी धुराचा धागासुद्धा नाही. मग त्याने गाडीखाली शिरून डबा काढला आणि माझ्या हातात दिला. पान्या, तो जड होता. हलवला तर आत खळखळ वाजलं. कोळसा पेट्रोलात बुडालाय. म्हणजे तुझं पहिलं पत्र अक्षरन्‌अक्षर खरं होतं आणि दुसरं शुद्ध थाप.

तू मला न तपासता पार्ट बदलायला सांगितलंस. तू! ज्याने त्या प्लगच्या दिवसानंतर एक स्क्रू तपासल्याशिवाय बदलला नाही. वर लिहितोस, "तपासत बसू नकोस." तिथंच मला तुझी मान वळलेली दिसली.

आणि ते डागांचं. मी तुला वीस वर्षं सांगतेय हात धू. वीस वर्षं तू काळा अंगठा उमटवून पत्र पाठवतोस. या वर्षी अचानक माझं ऐकलंस? दोन्ही पत्रं कोरी. गॅरेजमध्ये कामाचा ढीग आणि पत्रावर ग्रीसचा ठिपका नाही?

तू यांना सांभाळून घेतोयस. तुला ठाऊक आहे ती बाई कोण ते. पुरुष पुरुषाला झाकतो हे मला कळतं, पण माझा भाऊ झाकेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री यांना सरळ विचारलं, गाडी कुठे नेता? चेहरा पांढराफटक झाला. म्हणाले, "मी काही वाईट करत नाहीये. याच्यापुढे विचारू नकोस." आणि उठून गेले. ताटात पोळी तशीच.

मी बॅग भरून ठेवलीये. लेकीकडे जाऊन राहीन. तुझं उत्तर येईपर्यंत थांबते, त्याच्यापुढे नाही.

ताई

---

११ मार्च

ती. ताईस.

बॅग उघड. तुला शपथ आहे.

बाई-बिई कुणी नाही. भाऊजी माझ्याकडे येतात. एक गुरुवार सोडून एक गुरुवार. आम्ही बुद्धिबळ खेळतो. निवृत्त झाल्यापासून त्यांना घरात करमत नाही, तुला सांगायची लाज वाटते, म्हणून वाचनालयाची थाप. येता-जाता पेट्रोल संपतं. तुला काटा उतरलेला दिसू नये म्हणून परतताना दाबून भरत असणार. मला हे तुझ्याच पत्रावरून कळलं. कळलं असतं आधी तर पहिल्या पत्रात एवढी बढाई मारली असती का?

सीट मागे असते कारण मी कधीकधी त्यांच्याबरोबर चक्कर मारायला जातो आणि पाय पसरून बसतो. एवढंच.

त्यांना बोलू नकोस. चूक माझी. आणि हो, गॅरेज जोरात चालू आहे. हा घे तुझा काळा अंगठा. गडबडीत राहिला होता उमटवायचा.

पान्या

---

१४ मार्च

पान्या,

अंगठा हुंगला.

बाबांच्या वर्कशॉपमध्ये मी तुझ्याआधी वाढलेय. ग्रीसचा वास मला झोपेतही कळतो. हा बुटाच्या पॉलिशचा डाग आहे. दुसरं, तू बुद्धिबळ खेळत नाहीस. लहानपणी एकदा हरलास तेव्हा घोडा गिळायला निघाला होतास, त्यानंतर पटाला हात लावला नाहीस. तिसरं, तुझं घर इथून शंभर किलोमीटर. जायला शंभर, यायला शंभर. वरचे एकतीस कुठले?

काल बॅग घेऊन निघाले. लेक यायची होती, म्हटलं तोवर गाडीतला माझा छत्रीबित्रीचा पसारा काढून घ्यावा. शेजारच्या सीटखाली हात घातला. कापसाचा बोळा हाताला लागला, चिकटपट्टी लावलेला. मधोमध रक्ताचा एक ठिपका, वाळलेला.

असे बोळे आईच्या वेळी मी किती कचऱ्यात टाकले, पान्या. सलाइनची सुई काढली की दाबून धरायचे. घरी येताना ती सीट मागे करून झोपायची, कारण बसलं की तिला मळमळायचं.

लेक आली, तिला परत पाठवली. यांना काही विचारलं नाही. हे बाहेरच्या खोलीत पेपर उलटा धरून बसले होते.

मला खोटं बोलू नकोस आता. एकच प्रश्न विचारते. गॅरेज कधीपासून बंद आहे?

ताई

---

१७ मार्च

ताई,

डिसेंबरपासून.

पोटात गाठ आहे. आईला होती तीच. एक गुरुवार सोडून एक गुरुवार नळीतून औषध चढवतात, मोठ्या हॉस्पिटलात, माझ्या घरापासून पंधरा किलोमीटर. तुझे वरचे तीस ते. जाऊन-येऊन. एखादा इकडेतिकडे वळसा. डॉक्टरांनी सांगितलं, सोबत कुणीतरी पाहिजेच, मला तर कुणी हाक मारली तरी कळत नाही. मी भाऊजींना बोलावलं. शपथ घातली की तुला कळता कामा नये. ते नको नको म्हणत होते, ताई. दर वेळी म्हणतात, "तिला सांगून टाकू." मी गप्प करतो. ते खोटं बोलायला किती वाईट आहेत हे तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. तीन महिने त्यांना धड झोप नाही.

का लपवलं ते विचारशील. आईच्या वेळी तू अकरा महिने तिच्या पलंगाशेजारी बसलीस. ती गेल्यावर वर्षभर तू हसली नाहीस. मी तुझ्या घरी यायचो, तू चहा करायचीस, कप पुढे ठेवायचीस आणि भिंतीकडे बघत बसायचीस. मला तुला पुन्हा तिथं बसवायचं नव्हतं. म्हटलं, बरा झालो तर सांगेन. नाही झालो तर काय, कळेलच.

पाच झाले, सात राहिलेत. डॉक्टर म्हणतात गाठ थोडी आवळलीये. भीती वाटते. रोज वाटते. हे भाऊजींनाही सांगितलेलं नाही.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी अंथरुणात होतो. महिनाभर कुणी मला गाडीचं काही विचारलं नव्हतं. सगळे तब्येतच विचारायचे. तू दिव्याचं विचारलंस आणि मी उठून बसलो. एवढा आनंद झाला की सगळं सांगून टाकलं, टाकी, डबा, मंगळवार खोटा. पत्र पेटीत टाकल्यावरही कळलं नाही की मी माझंच बिंग फोडायची रीत तुला शिकवली.

रागव. पण बॅग उघड.

पान्या

---

२० मार्च, गुरुवार
हॉस्पिटल, बाहेरचा बाक

पान्या,

तू आत आहेस, नळी लावलेला. आत एकाच माणसाला सोडतात, त्यात तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडले तर ही पांढऱ्या कोटवाली मला बाहेर काढेल. म्हणून तुझ्या फाईलच्या मागच्या कोऱ्या कागदावर लिहितेय. यांच्या हातून आत पाठवते.

सकाळी दार उघडलंस आणि माझ्या हातात गाडीची किल्ली बघून जसा उभा राहिलास तसा पुन्हा उभा राहू नकोस. भिंतीला धरून. पांढऱ्या गालांनी. मला सहन नाही होत. तुला वाटलं असेल मी रागावलेय. रागावलेय. खूप. सात गुरुवार संपले की सविस्तर रागवेन, तोवर तुला ते ऐकायला जिवंत राहावं लागेल.

तू मला भिंतीकडे बघत बसू द्यायचं नाही म्हणालास. मग तुला काय वाटलं होतं, एक दिवस हे येऊन सांगतील आणि मी काय करेन? आईच्या पलंगाशी अकरा महिने मी बसले त्याचं मला कधी दुःख झालं नाही रे. ती गेली त्याचं झालं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तू मेकॅनिक, आणि एवढं साधं तपासलं नाहीस. न विचारता ठरवून टाकलंस. बाबा असते तर दिवसभर प्लग घासत बसवलं असतं.

यांना मी काही बोलले नाही. काल तुझं पत्र वाचून झाल्यावर बाहेरच्या खोलीत गेले आणि यांच्या हातातला पेपर सरळ करून दिला. हे रडले. अडतीस वर्षांत दुसऱ्यांदा. मग म्हणाले, पंपावर भरताना टक्क झालं तरी कळायचं नाही कुठे थांबायचं, नुसता काटा दिसायचा. मी एवढे दिवस दुसरी बाई शोधत होते, आणि हा माणूस माझ्या भावाला आडवा घालून नेत होता.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याची माफी मागितली. नवा डबा बसवलाय. त्याने पुढचा व्हॉल्व्ह, नळ्या, झाकण सगळं पुन्हा तपासलं आणि मी शेजारी उभी राहून प्रत्येक गोष्ट विचारली. अजूनही तो माझ्याशी बोलताना हातातल्या पान्याकडेच बघतो. स्वभाव असेल.

नर्स म्हणतेय तुझं सगळं व्यवस्थित चाललंय. माझा विश्वास नाही. फाईल पहिल्या पानापासून वाचतेय. डॉक्टर बाहेर आले की माझे अकरा प्रश्न आहेत. तू मला जे सांगितलं नाहीस ते मी डॉक्टरांकडून काढून घेणार. मी कशी माणसांकडून काढून घेते ते तुला माहीत आहे.

सहाव्या गुरुवारपासून बाराव्यापर्यंत गाडी मी चालवणार. पंपावरही मीच उतरणार. काटा कुठेही असो, टक्क झालं की थांबायचं. आता कुणापासून काही लपवायचं नाहीये.

औषध संपलं की सावकाश उठ. हे हात धरतील. गाडी दाराशीच लावलीये. सीट मी मागे करून ठेवलीये.

ताई